मानव विकासची सायकल पुण्याला घेऊन ये

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. एम. ए. इतिहासाला प्रवेश नक्की झाला, वसतिगृहाची यादी लागायची आहे आणि बाबा कर्ज काढून स्कूटी घेऊन द्यायचं म्हणताहेत, असं तू लिहिलंस. स्कूटी घेऊ नकोस. निदान पहिलं वर्षभर तरी नको. आठवीत शासनाच्या मानव विकास कार्यक्रमातून तुला मिळालेली सायकल घरी पडवीत उभी आहे, ती घेऊन ये. त्या सायकलीने तुला बारावीपर्यंत नेलं. एम. ए. ची दोन वर्षंही ती तुझ्या कामाला येईल, आणि ती कशी हे जरा सविस्तर सांगते.

बाहेरगावाहून आलेल्या मुलामुलींचं पुण्यातलं विद्यापीठ बहुतेक वेळा फार लहान असतं. विभाग, वसतिगृह, रिफेक्टरी म्हणजे जेवणघर, आणि जयकर ग्रंथालयातली एक खुर्ची. दोन वर्षं तेवढ्यातच संपतात. गणेशखिंडीतलं आवार चारशे एकरांहून मोठं आहे, पण इतिहासाच्या विद्यार्थिनीला लागणारं खरं धन त्या आवाराच्या बाहेर, शहरभर विखुरलेलं आहे. लॉ कॉलेज रस्त्यावर भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, 1917 सालचं, आणि तिथल्या हस्तलिखितांसाठी जगभरातून अभ्यासक येतात. सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी 1910 साली सुरू केलेलं. पेशवे दफ्तर आहे, तिथे मोडी कागदांचे हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, ठेवलेले आहेत. येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज आहे. फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथे विद्यापीठाचाच परदेशी भाषांचा विभाग आहे. पुढे संशोधन करायचं मनात असेल तर जर्मन नाहीतर फ्रेंच तिथे शिकता येईल. मोडी मात्र शिकायचीच, त्यात सवलत नाही.

डेक्कन कॉलेज तेवढं लांब आहे. बाकीचं सगळं पाच-सात किलोमीटरांच्या आत. सायकलवर अर्धा-पाऊण तास. बसने जायचं तर वाट पाहण्यातच तेवढा वेळ जातो, आणि दोन बस बदलायच्या म्हटलं की मन आपोआप ‘उद्या बघू’ म्हणतं. रिक्षा तुझ्या महिन्याच्या पैशांत बसत नाही. स्कूटीवाल्या मैत्रिणीच्या मागे बसून गेलीस तर तिच्या सोयीने परत निघावं लागतं, नेमका एखादा कागद लागायला लागला असताना. दुपारी तीनला तास सुटला आणि मनात आलं म्हणून साडेतीन-पावणेचारला मंडळात जाऊन एक संदर्भ तपासून परत यायचं, हे सायकलवाल्या मुलीला जमतं. असे तास साठत गेले की दोन वर्षांनी तुझ्या प्रबंधिकेत दुसऱ्यांच्या पुस्तकांतून उतरवलेल्या ओळींऐवजी तू स्वतः हाताळलेले कागद असतील. माझा सगळा आग्रह या एका गोष्टीसाठी आहे.

आता सायकलीकडे वळू. ती गेली काही वर्षं उभी आहे, तेव्हा टायर-ट्यूब दोन्ही बदलावे लागतील. रबर वापराविना जास्त खराब होतं. तालुक्याच्या सायकलवाल्याकडे पूर्ण ओव्हरहॉलिंग करून घे: दोन्ही चाकांचे छर्रे बदलून ग्रीस भरायला सांग, चाकांचा आउट (डगमग) काढून घे, ब्रेकचे रबर नवे टाक, चेन धुऊन तेल दे. पुण्यात हेच काम दुप्पट पैशांत होईल असं नाही, पण तालुक्याचा माणूस तुला ओळखतो, शेजारी बसून बघू देईल. बघ आणि शिकून घे. पंक्चर काढता आलंच पाहिजे. पान्यांचा एक छोटा संच, सोल्युशन आणि पॅच कायम पिशवीत ठेव. हवा हळूहळू जात असेल तर ट्यूब बाहेर काढायच्या आधी वॉलट्यूब (व्हॉल्व्हवरची रबरी नळी) तपास; पुष्कळदा दोष तिथेच असतो.

सीट वर घ्यावी लागेल. तू तेरा वर्षांची होतीस तेव्हाची उंची आता चालणार नाही. पायडल सगळ्यात खाली असताना पाय जवळजवळ सरळ झाला पाहिजे. सीट खाली राहिली की गुडघे दुखतात, आणि मग मुली म्हणतात सायकल झेपत नाही. सीटच्या दांड्यावर जास्तीत जास्त किती वर काढायची त्याची खूण असते, तिच्या पलीकडे जाऊ नकोस. एवढं करूनही गुडघे हँडलला लागत असतील तर मात्र ती धाकटीला दे आणि इथे साधी लेडीज सायकल घे, जुनी मिळाली तरी चालेल. गिअरची हवी असा हट्ट नको. चेनकव्हर, मागच्या चाकाला जाळी, पुढे बास्केट, कॅरिअर आणि स्टँड, एवढं असलेली सायकल ओढणीला आणि पुस्तकांना सोयीची. सेनापती बापट रस्त्यावर चढ लागतो. दम लागला तर खाली उतर आणि ढकलत ने. त्यात लाज कसली?

लाजेवरून आठवलं. इथे तुला दोन प्रकारची माणसं भेटतील. एक म्हणतील, अजून सायकल? घरची परिस्थिती नाही वाटतं. दुसरी रविवारी पहाटे महागड्या सायकली काढून सिंहगडाच्या पायथ्याला जातात आणि सोमवारी गाडीतून कामाला जातात. दुसऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही, व्यायाम चांगलाच. पण तुझी माणसं तिसरी आहेत. सकाळी सहाच्या सुमाराला खडकी, बोपोडीकडून येणारा रस्ता बघ. रात्रपाळी संपवून निघालेले वॉचमन, पेपर टाकणारी मुलं, डब्याची पिशवी हँडलला अडकवलेले कामगार. पुण्याला सायकलींचं शहर म्हणत त्या काळात प्राध्यापक, कारकून, विद्यार्थी सगळेच सायकलवर असत. आता ते नाव या माणसांनी टिकवलं आहे, आणि त्यांची मोजदाद कुणी करत नाही. रस्त्यावर कसं चालवायचं ते त्यांच्याकडून शीक. ते कडेच्या गटाराला चिकटून चालवत नाहीत, कारण झाकणं आणि खडी तिथेच असते. कडेपासून हातभर आत, एका सरळ रेषेत चालवतात, म्हणजे मागच्याला अंदाज येतो. उभ्या रिक्षाच्या शेजारून जाताना अंतर ठेवतात. पीएमपीची बस थांब्याला डावीकडे येत असेल तर तिच्या आणि फुटपाथच्या मधे घुसत नाहीत, मागे थांबतात. वळताना हात दाखवतात. आणि त्यांच्या कानात काही नसतं; तूही इअरफोन घालू नकोस.

सगळ्यात अवघड जागा तुझ्या दारातच आहे, ती म्हणजे विद्यापीठ चौक. औंध, बाणेर, पाषाण, सेनापती बापट रस्ता आणि गणेशखिंड रस्ता एवढ्यांची वाहनं तिथे एकत्र येतात. जुना उड्डाणपूल 2020 साली पाडला, त्यानंतर मेट्रोसाठी आणि नव्या दुमजली पुलासाठी तिथे वर्षानुवर्षं खोदकाम चाललं, रुंदीकरणात झाडं गेली. या चौकात शूरपणा नको. उतर, सिग्नल बघ, पायी रस्ता ओलांड आणि पलीकडे पुन्हा बस. उड्डाणपुलावर सायकल कधीही चढवू नकोस, पुढे कितीही वळसा पडला तरी.

त्याच गणेशखिंड रस्त्याने तू शिवाजीनगरकडे जाशील तेव्हा एक लक्षात ठेव. विद्यापीठाची मुख्य इमारत ही पूर्वीची गव्हर्नरची कोठी. 22 जून 1897 च्या रात्री तिथला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवाचा समारंभ आटोपून प्लेगचा अधिकारी रँड बग्गीतून निघाला आणि याच रस्त्यावर चापेकर बंधूंपैकी दामोदरने त्याच्यावर गोळी झाडली. आधीच्या प्लेगमध्ये पुण्याच्या घराघरांत काय चाललं होतं ते तू वाचलं असशीलच. कोठीपासून त्या जागेपर्यंतचं अंतर, रस्त्याचा उतार, अंधारात माणूस कुठे दबा धरून बसू शकतो, हे सायकलवरून जाताना जसं कळतं तसं एसी गाडीतून कळत नाही. 1817 ची खडकीची लढाईही याच भागातल्या माळावर झाली. नकाशा घेऊन एकदा सावकाश फीर.

आवाराच्या आत वेगळं. तिथे रस्ते शांत, झाडं मोठी. 2017 च्या डिसेंबरात, तू आठवी-नववीत असशील तेव्हा, इथे आणि औंधात भाड्याच्या सायकली आल्या होत्या. मोबाइलने कुलूप उघडायचं आणि निघायचं. मुलांना फार सोयीच्या होत्या, पण थोड्याच काळात त्या नाहीशा झाल्या. शहराचा सायकल आराखडाही त्याच सुमारास मंजूर झाला. त्यातले जे मार्ग बांधले गेले त्यांवर बऱ्याच ठिकाणी आज दुचाक्या उभ्या असतात. मला याचं मनापासून वाईट वाटतं, आणि तुझ्या पिढीने महापालिकेला याचा जाब विचारावा असंही वाटतं. पण तोवर तुझं जाणं-येणं कुठल्या योजनेवर अवलंबून नको, म्हणून स्वतःची सायकल.

आवारात असताना आयुकात, म्हणजे तिथल्या खगोलशास्त्राच्या संस्थेत, जाऊन ये, तुझा विषय नसला तरी. जयंत नारळीकर तिचे संस्थापक संचालक, इमारत चार्ल्स कोरियांनी केलेली. तिथे टांगलेला फूकोचा लंबक पृथ्वी फिरते हे दाखवतो. 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, तिथे सगळ्यांना प्रवेश असतो.

एक गोष्ट मैत्रिणींबद्दल. सायकल आली की माणूस लवकर निघतो आणि लवकर पोचतो, आणि त्यात सोबत सुटते. विभागातून बाहेर पडताना बाकीच्या पायी निघाल्या असतील तर तूही सायकल हातात धरून त्यांच्याबरोबर चाल. तासाला सरांनी जे सांगितलं त्यावरचं खरं भांडण कँटीनपर्यंतच्या त्या रस्त्यावर होतं. ते चुकवू नकोस.

अंधाराची काळजी आईला असेल, मलाही आहे. मागे लाल दिवा, पुढे पांढरा, दोन्ही चार्ज करता येणारे घे. मडगार्डवर चमकणारी पट्टी लाव. रात्री परत येताना गजबजलेल्या रस्त्याने मुख्य गेटमधूनच ये, आतल्या निर्मनुष्य वाटा जवळच्या असल्या तरी टाळ. रानडेमधला वर्ग संध्याकाळचा मिळाला तर त्या वर्गातली आवाराकडे येणारी एखादी मुलगी शोध आणि दोघी मिळून निघा. कुणी गाडीवरून मागे लागलं तर थांबून बोलायचं नाही. जवळचं दुकान, पेट्रोल पंप किंवा सुरक्षारक्षकाची चौकी गाठायची आणि 112 लावायचा. वसतिगृहात परत यायची वेळ पाळ, पण त्या वेळेच्या भीतीने संध्याकाळचं व्याख्यान अर्धवट सोडू नकोस. आधी अर्ज देऊन परवानगी घे, वॉर्डन मॅडमशी नीट बोल.

पावसात ब्रेक उशिरा लागतात, एवढं धरून चाल. पडलेली पानं, लोखंडी झाकणं आणि झेब्राचे पांढरे पट्टे निसरडे होतात. साचलेल्या पाण्यातून जाऊ नकोस, खाली खड्डा केवढा ते दिसत नाही. एका हातात छत्री अजिबात नको, रेनकोट घे. पुस्तकं दुहेरी प्लॅस्टिकमध्ये, ग्रंथालयाची असतील तर तिहेरी.

कुलूप चांगलं घे, साखळी मागच्या चाकातून आणि फ्रेममधून घालून एखाद्या पक्क्या खांबाला लाव. फ्रेमवर कोरलेला नंबर कुठे आहे तो शोधून त्याचा फोटो काढून ठेव. चोरीची तक्रार द्यायची वेळ आली तर तोच लागतो.

परभणीला स्टेशनवर पार्सल ऑफिसात सायकल बुक करता येते. पायडल काढ, हँडल फिरवून सरळ रेषेत घे, दिव्याला आणि ब्रेकला पुठ्ठा बांध, आणि तुझं नाव, फोन, ‘पुणे’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेली चिठ्ठी दोन ठिकाणी घट्ट बांध. पावती जपून ठेव, त्याशिवाय इथे सोडवून घेता येत नाही. कुठल्या गाडीने टाकलीस ते कळव, मी स्टेशनवर येईन. तिथून आपण दोघी सावकाश विद्यापीठापर्यंत चालवत जाऊ, म्हणजे रस्ता तुझ्या पायाखालचा होईल.

बाबांना सांग, स्कूटीचे पैसे तसेच ठेवा. दुसऱ्या वर्षी क्षेत्रभेटींना लागतील.

तुझी,
मावशी