कुकर निवेपर्यंतचं अंतर

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. बँकेची बदली रत्नागिरीला, खानावळीचा डबा बंद करून स्वतःचा स्वयंपाक, आणि जानेवारीत मुंबईच्या हाफ मॅरेथॉनला नाव. तिन्ही एकाच महिन्यात सुरू करायला तुला कुणी सांगितलं नव्हतं. पण आता केलंसच आहेस, तर नीट करू.

पहाटे चारला उठून आधी डबा करतोस आणि मग धावायला जातोस, असं लिहिलंयस. ते पहिलं बंद कर. अकराला झोपून चारला उठणं ही झोपेतून घेतलेली उचल आहे, आणि ती पंधरा दिवसांत पोटऱ्यांतून वसूल होते. स्वयंपाकातला निम्मा वेळ मुळात हाताचा नसतोच. भिजणं, आंबणं, वाफेवर शिजणं, निवणं ही कामं तुझ्यावाचून होतात. ती झोपेच्या आणि धावण्याच्या वेळात टाकलीस की सव्वापाचला उठूनही सगळं बसतं. मात्र त्यासाठी रात्री दहाला दिवा मालवायचा.

पेजेचंच बघ. रात्री भांडी घासून झाली की अर्धी वाटी उकडे तांदूळ, साधारण ७५ ग्रॅम, धुऊन तीन लिटरच्या कुकरमध्येच चार वाट्या पाण्यात भिजत घाल. सकाळी उठल्या उठल्या गॅस पेटव. पहिली शिट्टी झाली की आच बारीक करून दहा मिनिटं, आणि बंद. तेवढ्यात तुझं तोंड धुणं, बूट बांधणं उरकतं. सहा किलोमीटर करून परत येईपर्यंत कुकर आपला आपण निवतो आणि दाणा मऊ पडतो. कुकर निम्म्याच्या वर भरलास तर पेजेचा फेस शिट्टीच्या भोकात जाऊन बसतो. अर्धा चमचा तेल घातलं की फेस कमी येतो. आणि गॅस चालू ठेवून ‘एक चक्कर मारून येतो’ हे कधीही नाही, बारीक आचेवरसुद्धा नाही.

रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी परतून खाण्याची सवयही सोड. आपल्या दमट हवेत रात्रभर बाहेर राहिलेल्या भातात जंतूंचं जे विष तयार होतं, ते पुन्हा गरम केल्याने जात नाही. त्या पोटाने दहा किलोमीटर धावता येत नाहीत. भात उरला तर तासाभरात फ्रीजमध्ये.

आता डबा. रोज भाकरी थापायचा हट्ट धरू नकोस, घावन काढ. एक वाटी तांदळाचं पीठ, पावणेदोन ते दोन वाट्या पाणी, मीठ. ताकापेक्षा किंचित दाट. बिडाच्या तव्यावर कांद्याच्या फोडीने तेल पुसायचं आणि पीठ बाहेरून आत ओतत यायचं. पहिलं घावन चिकटतं ते तवा पुरता तापलेला नसल्यामुळे, आणि शेवटची जाड होतात ती पीठ तळाला बसल्यामुळे. दर खेपेला डाव तळापासून फिरव. चार घावनांना बारा-पंधरा मिनिटं लागतात. सोबत कुळथाची पिठी: दोन मोठे चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवून घे, मग लसणीच्या फोडणीत दीड वाटी पाणी उकळलं की त्यात सोड. कोरडं पीठ उकळत्या पाण्यात टाकलंस तर गुठळ्या होतात आणि त्या मोडत बसण्यात ऑफिसची वेळ होते. आमसूल शेवटी.

कुळीथ मी उगाच सांगत नाही. तुझं वजन ६२ किलो. आठवड्याला तीसेक किलोमीटर धावणाऱ्याला दिवसाला किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुला ७५ ते १००. दोन्ही वेळच्या भात-आमटीवर जेमतेम तीस-पस्तीस होतात. आपल्या जेवणात भाताची ददात नाही, उणीव प्रथिनांची आहे. कुळथात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास, बांगड्याच्या मांसात वीसेक, दोन अंड्यांत बारा. सकाळच्या पेजेसोबत दोन उकडलेली अंडी आणि वाटीभर दही, दुपारी पिठी किंवा मुगाची उसळ, रात्री मासे. एवढ्यावर गणित बरंचसं जुळतं. मासे नसतील त्या दिवशी मूठभर सुकट कोरडी भाजून, धुऊन, कांद्यावर परत. तिच्यात मीठ असतंच, वरून घालू नकोस.

माशांचं मात्र सांभाळ. सकाळी बाजारातून बांगडे घेऊन ते गाडीच्या डिकीत ठेवून ब्रँचला जायचं आणि संध्याकाळी रांधायचं, असा बेत कुणी सुचवला तर ऐकू नकोस. बांगडा, तारली, कुपा असे मासे उन्हात राहिले की त्यांत हिस्टामाइन तयार होतं. ते शिजवून जात नाही. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं. रविवारी आण, तिथेच साफ करून घे, घरी येताच हळद-मीठ लावून एका वेळेपुरत्या पुड्या करून फ्रीझरमध्ये टाक. लाईट गेली आणि पुड्या पुऱ्या सुटल्या तर पुन्हा गोठवायच्या नाहीत, त्याच दिवशी सगळं कालवण करायचं. पुढल्या पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट आणि कुळीथ यांच्यावरच निभावायचंय. मेमध्येच भरून ठेव.

रविवारी आणखी एकच काम: वाटण. एक नारळ, तीन कांदे, दहा-बारा लसणीच्या पाकळ्या, दोन चमचे धणे. कांदा आधी, खोबरं मागून, खरपूस भाजायचं आणि पूर्ण गार झाल्यावर कमीत कमी पाण्यात वाटून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवायचं. दोन वड्यांत एका माणसाची आमटी होते. गरमच भरलंस तर आत वाफ धरते आणि चव उतरते. आंबोळीचं पीठही रविवारीच वाटून ठेव: चार वाट्या तांदूळ, एक वाटी उडीद, चमचाभर मेथी. ऑक्टोबरच्या उकाड्यात ते सहा-सात तासांत फुगतं, त्यामुळे रात्री नवाला वाटून तसंच ठेवलंस तर सकाळी आंबट ढोण. दुपारी वाट, रात्री झोपताना फ्रीजमध्ये सरकव, तीन दिवस चालतं.

आता धावणं. पुण्यातल्या मित्राचा वेग आणि तुझा वेग ताडून बघणं सोड. इथल्या हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. आणि गळलेल्या घामाने अंग थंड होत नाही. म्हणून तेवढ्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात. ऑक्टोबरात किलोमीटरमागे अर्धा मिनिट हळू धावलास तरी काही बिघडत नाही. सोबत्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढी एकच खूण धर. दोन शब्दांवर धाप लागत असेल तर वेग जास्त आहे, घड्याळ काहीही म्हणो.

घामाचं माप मात्र घेच. धावण्याआधी लघवी करून, कमीत कमी कपड्यांत वजन कर. तासभर धावून आल्यावर अंग पुसून पुन्हा कर. समज, ६२.० चे ६०.९ झाले आणि वाटेत ३०० मिलिलिटर प्यायलास. म्हणजे तासाला १.४ लिटर गेलं. सगळंच्या सगळं वाटेत भरून काढायचं नसतं. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंत घट चालते, तुझ्या बाबतीत सव्वा किलो. उलट पाणी पिऊन पिऊन वजन वाढलं तर ते वाईट: रक्तातलं सोडियम पातळ होतं, मळमळतं, डोकं गरगरतं, आणि माणूस त्याला तहान समजून आणखी पितो.

तासावरच्या धावण्याला कोकम घे. एक लिटर पाणी, ५० ग्रॅम साखर (दहा-बारा सपाट छोटे चमचे), दोन मोठे चमचे आगळ (कोकमाचा खारवलेला रस). आगळात मीठ घातलेलं असतं; चाखून बघ, कमी वाटलं तरच पाव चमचा मीठ टाक. नुसती आमसुलं असतील तर आठ-दहा गरम पाण्यात भिजवून कुस्कर, आणि मग पाव चमचा मीठ घालच. बाजारातलं कोकमाचं तयार सरबत बाटलीत निम्मंनिम्मं करू नकोस. साखर लिटरला ८० ग्रॅमच्या वर गेली की पोटात डुचमळतं आणि कुशीत कळ येते. सोलकढी परत आल्यावर, जेवताना. नारळाचं दूध पिऊन धावायचं नसतं.

दीड तासाच्या पुढे नुसतं पेय पुरत नाही, तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं (साखर, पिष्ट) पोटात जावी लागतात. पेयातून अर्ध्या लिटरला २५ मिळतात, उरलेल्यासाठी खिशात दोन वेलची केळी किंवा चार-पाच खजूर. शर्यतीच्या दिवशी नवीन काही नाही. जे खायचंय ते नोव्हेंबरपासूनच लांब धावण्यांत खाऊन बघ. आणि लांब धावण्याच्या आदल्या रात्री डाळिंब्यांची उसळ कितीही चांगली झालेली असली तरी वाढून घेऊ नकोस. कारण लिहायला नको.

भाट्याच्या पुळणीवर रोज धावायचं म्हणतोस, तर आधी कॅलेंडरात तिथी बघ. दर्यावर्दी माणसं हिशोब सांगतात तो साधा आहे: तिथीच्या पाऊणपट वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहाला पाणी वर आणि तुझ्या वाट्याला फक्त भुसभुशीत वाळू. तिच्यात पाय रुततो, टाच खाली जाते आणि टाचेमागची शीर धरते. अमावास्या-पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. ओहोटी त्याआधी सहा तास, पहाटे पाचच्या सुमाराला. त्या दिवसापासून द्वितीयेपर्यंत पहाटे ओली, कडक, रुंद पट्टी मिळते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धर. पट्टी अरुंद असेल तर मुळीच जाऊ नकोस, कारण मग उतरत्या वाळूवर एक पाय वर, एक खाली असं धावावं लागतं आणि गुडघ्याची बाहेरची बाजू दुखायला लागते. महिन्याला सहा-सात दिवस पुळण, बाकी डांबर. आरे-वारेच्या बाजूला चढउतार भरपूर आहेत, पंधरवड्यातून एकदा तिकडे जा; पण चढापेक्षा उतारच मांड्या फोडतो आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं, म्हणून उतार छोट्या पावलांनी. काळोखात चमकणारा पट्टा घाल, आणि रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरच्या गाड्यांचे दिवे दिसतील असा धाव. जांभ्याच्या पाखाडीवर अजून शेवाळ आहे, तिथे चालतच उतर.

पाऊस ओसरतोय, हाताशी सोळा आठवडे आहेत. आठवड्याला चार दिवस पुरे: मंगळवारी सहा, गुरुवारी सात, एक दिवस अगदी रमतगमत पाच, आणि एक लांब. लांबचे आकडे असे: ८, ९, १०, ८, ११, १२, १३, १०, १४, १५, १६, १२, मग १८, १२, ८ आणि शर्यत. प्रत्येक चौथा आठवडा कमी ठेवलाय तो हाडांसाठी. दम आठवड्यांत वाढतो, हाडं आणि शिरा मागून येतात. नडगीवर एका बोटाने दाखवता येईल अशी जागा दुखत असेल आणि चालतानाही दुखत असेल, तर धावणं बंद आणि डॉक्टर.

तुमची बँक दुसऱ्या-चौथ्या शनिवारी बंद असते, त्याचा फायदा घे: त्या आठवड्यांत लांब धावणं शनिवारी, मासे-वाटण रविवारी. पहिल्या-तिसऱ्या शनिवारी कामावर जायचं असतं, तेव्हा लांब धावणं रविवारीच. वाटण आणि पीठ संध्याकाळी कर, मासे त्या आठवड्यात कमी. रविवारी दोन तास धावून लगेच ओट्याशी उभं राहिलास तर ना स्वयंपाक धड होतो, ना पाय. आणि शर्यत जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी म्हणजे डिसेंबरअखेरचं क्लोजिंग नेमकं तुझ्या सगळ्यात मोठ्या आठवड्याला येऊन चिकटतं. १८ किलोमीटर चौथ्या शनिवारी उरकून घे. ३० आणि ३१ तारखेला बूट बाहेर काढूच नकोस. त्या दोन रात्री फ्रीजमधला मुगाचा मऊ भात, मेतकूट, तूप, आणि झोप.

आठवडा कोसळला तर काय सोडायचं, हेही विचारलंयस. आधी मंगळवार सोड. मग मधलं रमतगमत. स्वयंपाकात भाजीचे प्रकार सोड, पिठी-भात आणि अंडी ठेव. लागोपाठ दोन रात्री सहा तासांपेक्षा कमी झोप झाली असेल तर तिसऱ्या पहाटे गजर बंद करून झोप, पेज मात्र भिजवलेली असू दे. चुकलेले किलोमीटर पुढच्या आठवड्यात चढवायचे नाहीत. चुकले ते चुकले.

बुटांचं पुढच्या वेळी लिहितो, तसं त्यात फार काही नाही: दोन जोड, आलटून पालटून, ओले झाले तर आत वर्तमानपत्राचे बोळे, उन्हात नाही.

पुढच्या पत्रात मला तीन आकडे हवेत: आधीचं वजन, नंतरचं वजन, वाटेत किती प्यायलास. एक पुळणीवरचा दिवस, एक डांबरावरचा. त्यावरून तुझ्या बाटलीचं माप ठरवू.

तुझा,
काका