मनालीजवळचा भृगू लेक ट्रेक एका दिवसात करायचाय? मग आधी हे बघ

तुझे कळसूबाई, राजगड आरामात होतात म्हणजे पाय तयार आहेत, मस्तच, पण कळसूबाई 1646 मीटर आणि भृगू लेक 4200 च्या वर, तिथे प्रश्न पायांचा नसून हवेचा आहे. समुद्रसपाटीच्या मानाने ऑक्सिजन साधारण 60 टक्केच मिळतो.

त्यामुळे सगळ्यात कॉमन चूक म्हणजे दिल्लीहून रात्रीच्या व्होल्वोने सकाळी मनालीत उतरायचं आणि दुसऱ्याच पहाटे गुलाबाकडे (ट्रेक सुरू होतो ती जागा) निघायचं. असं नको करूस. मनाली 2000 मीटरवर आहे, तिथे निदान दोन रात्री काढ, मधल्या दिवशी जोगिनी धबधब्यापर्यंत चालून ये, पाणी पीत राहा, दारू नकोच.

चढताना फास्ट मंडळींच्या मागे लागू नकोस, बोलता येईल इतकाच स्पीड ठेव आणि डोकं दुखलं, मळमळलं की लगेच गाइडला सांग, बरेच जण लाजून लपवतात आणि तब्येत आणखी बिघडते, खरा उपाय खाली उतरणं हाच.

सामानात एवढं पक्कं:
– पायाला बसलेले ग्रिपवाले बूट, नवे कोरे नको
– रेनकोट, गरम जॅकेट (जीन्स अजिबात नको)
– गॉगल, सनस्क्रीन

मागे कधी फिरायचं ते गाइडला आधीच विचार, दुपारनंतर ढग येतात, लेक जवळ आला असला तरी तो फिर म्हणाला की फिरायचं. जूनमध्ये वाटेत बर्फ असतो, निळं पाणी बघायचं तर सप्टेंबर बरा. क्रॅम्पॉन (बर्फासाठी बुटाला लावायचे खिळे) वगैरे आत्ता डोक्यात घेऊ नकोस. नक्की जा, जमेल तुला.