स्ट्रॅटेजी गेमसाठी पीसी : पैसा कुठे घालावा?

उन्हाळी सुट्ट्यांच्या तोंडावर आलेल्या पत्रांत डेस्कटॉपच्या खरेदीची पत्रं सगळ्यांत जास्त आहेत, आणि त्यातही स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांची. त्यातली सहा इथे घेतली आहेत. भाव दर आठवड्याला हलतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी रुपयांचे आकडे टाळून कोणत्या भागावर किती जोर द्यायचा एवढंच सांगितलं आहे.

प्रश्न : मी सिव्हिलायझेशन ६, स्टेलारिस आणि क्रुसेडर किंग्ज ३ खेळतो. बजेट ८० हजार, मॉनिटर घरी आहे. नागपूरच्या बर्डीतल्या एका दुकानातून कोटेशन आणलं : आय५-१२४००एफ, आरटीएक्स ४०६०, १६ जीबीची एक रॅम स्टिक, ५१२ जीबी एसएसडी, ६०० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा), काचेचं आरजीबी (रंगीत दिव्यांचं) कॅबिनेट. घेऊ का?
— एक वाचक, मानेवाडा

उत्तर : कोटेशन वाईट नाही, पण ते दुसऱ्याच खेळांसाठी काढलेलं आहे. दुकानात 'गेमिंग पीसी' म्हटलं की गोळीबाराचे खेळ धरले जातात. त्यात सेकंदाला शंभर-दीडशे चित्रं काढायची असतात, म्हणून निम्मं बजेट ग्राफिक्स कार्डावर जातं. तुमच्या तिन्ही खेळांत चित्र जवळजवळ स्थिर असतं. तिथे हिशेब चालतो तो जगाचा.

सिव्हिलायझेशनमध्ये 'पुढची खेळी' दाबल्यावर बाकीचे राजे आणि नगरराज्यं एकामागून एक आपले निर्णय घेतात. तेवढा वेळ कार्ड रिकामं बसलेलं असतं. स्टेलारिसमध्ये प्रत्येक ग्रहावरच्या लोकसंख्येला काम वाटायचं असतं. आकाशगंगा भरत जाते तसा हा हिशेब वाढतो, आणि सुरुवातीला झपझप सरकणारा महिना शेवटी रेंगाळायला लागतो. हे काम बरंचसं एक-दोन थ्रेडवरच (एकामागून एक करायच्या कामाच्या धाग्यांवर) अडतं, त्यामुळे सोळा कोर (प्रोसेसरमधले हिशेब करणारे भाग) घेऊन फारसं काही साधत नाही. एका कोरचा वेग आणि एल३ कॅश मेमरी (प्रोसेसरच्या आतलीच छोटी, वेगवान मेमरी), या दोन गोष्टी पाहा.

कॅश का, तर या खेळांची माहिती म्हणजे हजारो छोट्या नोंदी, मेमरीत विखुरलेल्या. हवी ती नोंद कॅशमध्ये सापडली नाही की प्रोसेसर रॅमकडे जातो आणि उत्तर येईपर्यंत थांबून राहतो. इंटेलच्या १२४००एफमध्ये एल३ कॅश १८ एमबी आहे, एएमडीच्या रायझन ५ ७६०० मध्ये ३२ आणि रायझन ७ ७८००एक्स३डी मध्ये ९६. उशिराच्या खेळात एक्स३डी (जादा कॅशचे) प्रोसेसर का पुढे निघतात, ते या आकड्यांतच दिसतं.

८० हजारांत एक्स३डी ओढूनताणून बसवू नका. रायझन ५ ७६००, बी६५० मदरबोर्ड, १६ जीबीच्या दोन डीडीआर५-६००० सीएल३० रॅम स्टिक (६००० हा वेग, सीएल३० हा प्रतिसादाचा विलंब), १ टीबी एनव्हीएमई एसएसडी आणि कार्ड आरएक्स ६६०० च्या पातळीचं घ्या. ७६०० ज्यात बसतो तो एएम५ सॉकेट (बोर्डावरची प्रोसेसरची जागा) २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही चालवणार असं एएमडीने जाहीर केलं आहे, म्हणजे दोन-तीन वर्षांनी त्याच बोर्डावर एक्स३डी चढवता येईल. १२४००एफचा एलजीए १७०० सॉकेट इंटेलच्या १४व्या पिढीपाशी संपला.

२०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेले आहेत आणि दुकानदार तुम्हाला 'आत्ता एकच घ्या, दुसरी नंतर टाका' म्हणेल. ते ऐकू नका. एका स्टिकवर मेमरीची रुंदी निम्मी राहते, आणि नंतर आणलेली स्टिक वेगळ्या बॅचची निघाली तर पूर्ण वेगाने जोडी जमेलच असं नाही. चार स्टिक लावायचा विचारही नको : ७००० मालिकेच्या रायझनला दोन स्टिकवर ५२०० चा अधिकृत वेग आहे, चारवर तो ३६०० वर उतरतो. बजेट फारच ताणलं गेलं तर कार्ड दोन महिने उशिरा घ्या. ७६०० ला स्वतःचं छोटं ग्राफिक्स आहे, तोवर पडदा तरी उजळेल. मात्र ७५००एफ किंवा नावाच्या शेवटी 'एफ' असलेला कोणताही प्रोसेसर घेतला तर हा मार्ग बंद.

कोटेशनमधला सगळ्यांत वाईट भाग म्हणजे '६०० वॅटचा एसएमपीएस'. कंपनी नाही, मॉडेल नाही. वरचा संच भर कामात ३०० वॅटच्या आसपासच ओढेल (प्रोसेसर फार तर ८८, कार्ड १३२, बाकी किरकोळ), तेव्हा नाव असलेला, ८० प्लस ब्राँझ (वीज कमी वाया जाते याचं प्रमाणपत्र) असलेला, पाच वर्षं वॉरंटीचा ५५० वॅटचा पुरतो. बिननावाचा ६०० नको. आणि आरजीबीचे पैसे एसएसडीत घाला. टोटल वॉर : वॉरहॅमर ३ सारखा एकच खेळ १०० जीबीच्या वर जागा खातो.

प्रश्न : मित्रांबरोबर एज ऑफ एम्पायर्स २ डेफिनिटिव्ह एडिशन ऑनलाइन खेळतो. चौघंजण म्हणतात, 'तुझ्यामुळे गेम अडकतो'. माझं नेट फायबरचं आहे. पीसी आय३, चौथी पिढी.
— एक वाचक, महाल

उत्तर : मित्र बरोबर आहेत. या खेळात प्रत्येक खेळाडूचा पीसी सगळ्या सैन्याचा हिशेब स्वतः करतो, आणि सगळे एकाच क्षणावर असावे लागतात. एक मागे पडला की बाकीच्यांना थांबावं लागतं. नेटवर फक्त आज्ञा जातात, सैन्य नाही, म्हणून फायबरने फरक पडत नाही. याच कारणासाठी रँक्ड (क्रमवारीच्या) खेळाआधी गेम बेंचमार्क (पीसीच्या वेगाची चाचणी) करायला लावतो आणि त्यात १००० गुण लागतात. आठ जणांच्या सामन्यात प्रत्येकी २०० ची लोकसंख्या भरली की चौथ्या पिढीचा आय३ मान टाकतो. तोवर लोकसंख्या १०० वर ठेवून खेळा. नवीन घ्यायचा तर महागडं काही लागत नाही, आय३-१२१०० वरही हा खेळ मजेत चालतो.

प्रश्न : मे महिन्यात दुपारी पीसी अचानक बंद पडतो. खोलीत डेझर्ट कूलर आहे, एसी नाही. नव्या पीसीला लिक्विड कूलिंग घ्यावं का?
— एक वाचक, त्रिमूर्तीनगर

उत्तर : आधी निदान. प्रोसेसर तापला की लगेच बंद पडत नाही, आधी वेग कमी करतो. ७६०० ची मर्यादा ९५ अंश आहे. तिथे पोचला की खेळ रखडतो, पण पीसी चालू राहतो. काही न रखडता खटकन बंद होत असेल तर संशय एसएमपीएसवर घ्या. त्याचं तोंड खाली असतं, जाळी भुशाने भरलेली असते आणि ती कोणी उघडून पाहत नाही. दुसरी शक्यता व्होल्टेजची : दुपारी सगळ्या मोहल्ल्याचे एसी आणि कूलर चालू झाले की दाब उतरतो. स्वस्त एसएमपीएसच्या लेबलवर '२००-२४० व्होल्ट' लिहिलेलं असतं, बऱ्याच चांगल्यांवर '१००-२४०'. ते लेबल वाचूनच घ्या.

आता लिक्विडचं. पीसीतला कोणताही कूलर प्रोसेसरला खोलीच्या तापमानाखाली नेऊ शकत नाही. पाण्याचा रेडिएटरही त्याच खोलीतली हवा वापरतो. परदेशी चाचण्या साधारण २०-२५ अंशांच्या खोलीत झालेल्या असतात. नवतपात (मे अखेर सुरू होणाऱ्या नऊ कडक दिवसांत) तुमची खोली ३८ ची असेल तर त्या आकड्यांत १३ ते १८ मिळवा. नागपूरने २३ मे २०१३ ला ४७.९ अंश पाहिले आहेत, तेव्हा ही मिळवणी गृहीतच धरावी. ६५ वॅटच्या प्रोसेसरला चार हीट पाइप आणि १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर कूलर पुरेसा आहे. त्याचा पंखा बिघडला तर बर्डीत त्याच दिवशी नवा मिळतो. लिक्विडचा पंप बिघडला तर अख्खं युनिट वॉरंटीला जातं आणि ऐन उन्हाळ्यात पीसी बसून राहतो.

कॅबिनेट पुढून जाळीचं हवं, काचेचं नको. पुढे दोन पंखे आत, मागे एक बाहेर. डेझर्ट कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवू नका. ओल्या हवेबरोबर ताट्यांतला (कूलरच्या गवती जाळ्यांतला) भुसा आणि बारीक तुषार येतात, आणि बोअरचं पाणी भरत असाल तर त्यातले क्षारही. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो तोच इथेही बसतो. कॅबिनेट झोताच्या बाजूला, जमिनीपासून वीतभर वर ठेवा आणि खिडकी उघडी राहू द्या. कूलरला बाहेर जायला वाट मिळाली तरच तो थंड करतो, पीसीचंही तेच. एप्रिल ते जून दर पंधरा दिवसांनी फिल्टर काढून झटका. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरला तर बेअरिंग जातं.

फुकटातला उपाय : गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेम (सेकंदाला काढायची चित्रं) ६० वर बांधा. स्ट्रॅटेजी गेम मेनूतसुद्धा विनाकारण दोनशे फ्रेम काढत बसतो, आणि ती सगळी उष्णता तुमच्याच खोलीत येते.

प्रश्न : घरी इन्व्हर्टर आहे. पीसी त्यावरच चालवू की वेगळा यूपीएस घेऊ? शिवाय कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात.
— एक वाचक, उमरेड

उत्तर : झिणझिण्या आधी. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यातून गळणारा थोडा करंट कॅबिनेटच्या पत्र्यावर येतो. पीसी बिघडलेला नाही, घराची अर्थिंग तुटलेली किंवा जोडलेलीच नाही. इलेक्ट्रिशियनला त्या सॉकेटवर फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ दोन्ही मोजायला सांगा. पहिलं फेज-न्यूट्रलच्या जवळपास यायला हवं, दुसरं दोन-तीन व्होल्टच्या आत. तोवर तीन पिनांचा प्लग दोन पिनांत घालायचा उद्योग थांबवा.

इन्व्हर्टर साइन वेव्हचा असेल आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर असेल तर बहुतेक पीसी तगतात. साध्या मोडवर बदलायला लागणारा वेळ पीसीला जास्त होतो आणि तो रीस्टार्ट होतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर अॅक्टिव्ह पीएफसीचे (वीज ओढणं सुधारणारं सर्किट असलेले) एसएमपीएस कुरकुरतात किंवा सरळ बंद पडतात, तिथे वेगळी सोय हवीच. यूपीएस घेताना व्हीएला (व्होल्ट-अँपिअरच्या आकड्याला) भुलू नका : बाजारातला ६०० व्हीए म्हणजे ३६० वॅट. कार्ड आणि मॉनिटर धरून १००० ते ११०० व्हीए घ्या, त्यावर सेव्ह करून बंद करण्यापुरती मिनिटं मिळतात. क्रुसेडर किंग्ज किंवा स्टेलारिस आयर्नमॅनवर खेळणाऱ्यांनी यात कंजुषी करूच नये. तिथे सेव्ह एकच असतो, आणि सेव्ह होतानाच लाइट गेली तर फाइल खराब होऊन शंभर-दोनशे वर्षांचं राज्य जातं.

प्रश्न : एएम५ चा पीसी घरीच जोडला. पंखे फिरतात, पडदा काळा. बोर्ड खराब आलं का?
— एक वाचक, वर्धा

उत्तर : बहुधा नाही. पहिल्यांदा चालू करताना डीडीआर५ रॅमची जुळणी होते. त्यात काही मिनिटं पडदा काळाच राहतो, आणि घाबरून बटण दाबलं की सगळं पहिल्यापासून. दहा-पंधरा मिनिटं हात लावू नका. तरीही काही नाही तर क्रमाने पाहा : प्रोसेसरजवळची ८ पिनची केबल लावली आहे का, रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत आहे का, मॉनिटरची केबल बोर्डाऐवजी कार्डात आहे का. प्रोसेसरवरच्या कूलरच्या तळाचं प्लॅस्टिक काढलं होतं ना? ९००० मालिकेचा प्रोसेसर जुन्या साठ्यातल्या बी६५० बोर्डावर बसवला असेल तर बायोस (बोर्डातलं सुरुवातीचं सॉफ्टवेअर) त्याला ओळखत नाही. मागे फ्लॅशबॅकचं बटण असेल तर पेनड्राइव्हवरून बायोस बदलता येतो. चालू झाल्यावर बायोसमध्ये एक्सपो (रॅम तिच्या जाहीर वेगावर नेणारी सेटिंग) चालू करा. नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर चालत राहते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही.

प्रश्न : ओळखीतला एकजण आय७-१३७००के अर्ध्या किमतीत देतोय. दुसऱ्या दुकानात 'ट्रे'चा रायझन स्वस्त आहे. कोणता घ्यावा?
— एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : १३व्या-१४व्या पिढीच्या या वरच्या प्रोसेसरांना जादा व्होल्टेज मिळून ते आतून झिजतात, हे इंटेलने २०२४ मध्ये मान्य केलं. त्या ऑगस्टपासून ०एक्स१२९ हा मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) बायोसमधून आला. पण तो पुढची झीज रोखतो, झालेली भरून काढत नाही, आणि तो प्रोसेसर आधी किती तापलाय ते बाहेरून दिसत नाही. बॉक्समधल्या अशा प्रोसेसरांची वॉरंटी इंटेलने दोन वर्षांनी वाढवली आहे. मूळ बिल आणि बॉक्सवरचा क्रमांक जुळत असेल तरच पुढे बोला.

ट्रेचा प्रोसेसर खोटा नसतो, तो कंपन्यांना घाऊक दिलेला माल असतो. त्याला एएमडीची तीन वर्षांची बॉक्स वॉरंटी नाही आणि पंखाही येत नाही. पंख्याची किंमत धरून फरक हजार-दीड हजाराचाच उरत असेल तर बॉक्स घ्या. जास्त असेल आणि दुकानदार जीएसटी बिलावर सीरियल क्रमांक व स्वतःची वॉरंटी लिहून देत असेल तर ट्रे घ्यायला हरकत नाही. 'बिल नको, अजून कमी करतो' म्हणाला तर दुसरं दुकान पाहा.