कुडमुडी भांडवलशाही की साटेलोटं?

प्रश्न असा आहे: मराठी अग्रलेखांत ‘क्रोनी कॅपिटॅलिझम’साठी, म्हणजे सत्ताधारी आणि त्यांच्या मर्जीतले उद्योगपती यांनी एकमेकांचं भलं करण्याच्या व्यवहारासाठी, ‘कुडमुडी भांडवलशाही’ हा शब्द सर्रास वापरतात. यातलं ‘कुडमुडी’ म्हणजे काय, आणि तो इथे बसतो का?

कुडमुडं हे डमरूच्या जातीचं लहानसं वाद्य. ते वाजवत पहाटे दारोदार फिरणारा, भविष्य सांगून पसाभर धान्य मागणारा तो कुडमुड्या जोशी. गावच्या वतनदार जोशाकडे पंचांग होतं, बलुतं होतं, मान होता. याच्याकडे यातलं काही नव्हतं, म्हणून याची विद्या कच्ची ठरली. पुढे ‘कुडमुड्या’चा अर्थच अर्धवट ज्ञानाचा, नकली असा झाला आणि तिथून तो भांडवलशाहीला चिकटला.

मला हा शब्द खटकतो. एक तर कुडमुडे जोशी आजही आहेत, महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांची नोंद आहे. सत्ता आणि पैसा दोन्ही हातात असलेल्यांच्या कृत्याला, पिढ्यान् पिढ्या जमिनीचा तुकडाही नसलेल्यांचं नाव का द्यायचं? दुसरं म्हणजे, ज्या व्यवहाराबद्दल आपण बोलतो तो कच्चा मुळीच नसतो. दाभोळचा वीजप्रकल्प आठवा. १९९२ साली निविदा न मागवता एन्रॉन या अमेरिकी कंपनीशी समझोता झाला. पुढचा वीजखरेदी करार २० वर्षांचा. राज्य वीज मंडळाने वीज उचलली नाही तरी ठरलेला आकार भरायचा, दराचा मोठा भाग डॉलरशी बांधलेला, वर राज्य सरकारची हमी आणि त्यावर केंद्राची प्रतिहमी. या करारात कंपनीची बाजू कुठेही अर्धवट राहिलेली नव्हती. २००१ मध्ये मंडळाने करार मोडला तोवर महागड्या विजेचा बोजा मंडळावर, म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्यावर, येऊन पडला होता.

‘क्रोनी’ म्हणजे जुना दोस्त. हिंदीत म्हणूनच ‘याराना पूंजीवाद’ म्हणतात. पण या दोस्तीत जिव्हाळा फारसा नसतो, मोबदला असतो. ‘वशिला’ही पुरत नाही, कारण वशिला लावणारा खालचा आणि ज्याच्याकडे लावायचा तो वरचा. इथे दोघेही तालेवार. ‘मक्तेदारी’ ही वेगळी गोष्ट आहे. ती सरकारी कृपेशिवायही येऊ शकते.

मराठीत यासाठी नेमका शब्द पूर्वीपासून आहे: साटेलोटं. मूळ अर्थ लग्नातला. तुमची मुलगी आमच्या घरात, आमची तुमच्या घरात. हुंड्याचा प्रश्न मिटतो, पण दोन्ही घरं एकमेकांच्या हातात सापडतात. इकडच्या सुनेला माहेरी धाडलं की तिकडची लेक परत आलीच म्हणून समजा. त्यामुळे आत काहीही घडो, दोघंही गप्प बसतात. कंपनी आणि सत्ताधारी यांच्यातल्या व्यवहारातली सगळ्यात घातक गोष्ट हीच, दोन्हीकडचं मौन. ती ‘कुडमुडी’त कुठेच येत नाही.

निवडणूक रोख्यांचं, म्हणजे बँकेतून रोखे विकत घेऊन नाव उघड न करता पक्षांना देणगी देण्याच्या योजनेचं, प्रकरण याच शब्दाने नीट कळतं. पूर्वी कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांपर्यंतच पक्षांना देणगी देता येई, आणि कोणत्या पक्षाला किती दिले हे हिशेबात दाखवावं लागे. २०१७ च्या वित्त कायद्याने मर्यादाही गेली आणि पक्षाचं नाव सांगण्याची सक्तीही गेली. तोट्यातल्या कंपनीलाही हवी तेवढी रक्कम देण्याची मुभा मिळाली. मतदाराला देणारा कोण आणि घेणारा कोण हेच कळणार नसेल, तर पुढे कंत्राट किंवा सवलत कुणाच्या पदरात पडली याचा माग त्याने काढायचा कसा? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी ही योजना एकमताने घटनाबाह्य ठरवली, तेव्हा देणगीच्या बदल्यात लाभ मिळण्याची शक्यताही विचारात घेतली. त्या ‘बदल्यात’ला आपली आजी साटंच म्हणाली असती.

काहींना हा शब्द फार घरगुती वाटतो, अग्रलेखाला न शोभणारा. मला उलट वाटतं. जो शब्द गावातल्या माणसालाही न समजावता कळतो, तोच इथे हवा, कारण या व्यवहारांची किंमत तोच मोजतो.

आता रूपाबद्दल. ‘साटेलोट्याची भांडवलशाही’ असंही लिहिलेलं दिसतं, पण मी दोन्ही पदांचं सामान्यरूप करून ‘साट्यालोट्याची’ लिहितो. ‘पैसाअडका’चं आपण ‘पैशाअडक्याचा’ करतो, ‘पोरंबाळं’चं ‘पोराबाळांचा’, तसंच हे. आणि दर वेळी ‘भांडवलशाही’ जोडायलाच हवी असंही नाही. ‘या खाणवाटपात मंत्री आणि कंपनी यांचं साटेलोटं होतं’ एवढं वाक्य पुरेसं आहे.