सवयीने झाकलेले सुख

प्रश्न : मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर दिवाणजी आहे. मुले मार्गी लागली, सांगलीवाडीला घर झाले; आता आम्ही दोघेच असतो. कशाची कमतरता नाही, तरी दिवस कोरडे का वाटतात?

उत्तर : ही कृतघ्नता नव्हे, हे आधी मनापासून सांगते. मिळालेल्या सुखाची मनाला सवय होते. अमेरिकेत १९७८ मध्ये मानसशास्त्रज्ञ फिलिप ब्रिकमन व सहकाऱ्यांनी २२ लॉटरी विजेत्यांचा अभ्यास केला, तेव्हा मित्राशी गप्पा, न्याहारी, मासिक वाचणे अशा साध्या गोष्टींतून त्यांना इतरांपेक्षा कमी आनंद मिळत असल्याचे आढळले. म्हणून आणखी काही मिळवण्यापेक्षा, असलेल्याकडे नव्याने पाहावे. घरी परतताना आयर्विन पुलावर पाच मिनिटे थांबून कृष्णेच्या पाण्यावरचा मावळता उजेड पाहावा आणि, मला हे अधिक मोलाचे वाटते, तो घरी पत्नीला सविस्तर वर्णन करून सांगावा, कारण सांगताना तो आनंद आपण पुन्हा अनुभवतो. पेढीवरचा हळदीचा वास तर आपल्याला आता जाणवतही नसेल. उद्या नवे पोते उघडेल तेव्हा लेखणी खाली ठेवून तो मुद्दाम घ्यावा.