नेत्सुके, नेटसूक आणि कोरलेलं ‘येतो’

प्रश्न असा आलाय: दिवाळी अंकासाठी जुन्या जपानी वस्तूंवरच्या लेखाचा अनुवाद करतेय, त्यात ‘नेटसुके’ हा शब्द सारखा येतो. मराठीत कसा लिहायचा? ‘हस्तिदंती ताईत’ असा प्रतिशब्द चालेल का? त्यावर कोरलेले बेडूक, उंदीर, माकडं कशाची प्रतीकं आहेत? आणि लिंग कोणतं, तो, ती की ते?

ताईत नाही चालणार. हस्तिदंती तर मुळीच नाही. गेल्या काही दिवसांत मी हा शब्द नेटसुके, नेटसूक, नेत्सुकी असा तीन प्रकारे ऐकलाय आणि एका माहितीपत्रकात चक्क ‘नेटसुक’ छापलेला पाहिलाय, म्हणजे शेवटचा ‘ए’ पण गेला. इंग्रज लोक ‘नेट्स्की’ म्हणतात म्हणून आपण म्हणायचं का? त्यांच्याकडे तो आवाज शब्दाच्या सुरुवातीला येतच नाही, आपल्याकडे घरोघरी आहे. ‘चुना’ म्हणा. ‘चूल’ म्हणा. ‘चूक’ म्हणा. हा जो दातामागचा च आहे ना, चहातला नव्हे, चमच्यातला, तोच जपानी ‘त्सु’मधला आवाज. हिंदीवाल्यांना हा च नाही, मराठीला आहे, आणि तरी आपण त्सुनामी लिहून सुनामी वाचतो! माझं तर म्हणणं आहे की सरळ ‘नेचुके’ लिहावं, वाटल्यास च खाली टिंब द्यावं, आणि ‘चुकणे’ मधला चुके म्हणावा, म्हणजे मराठी माणूस हा शब्द चुकूच शकणार नाही. पण माझं कोणी ऐकत नाही, तेव्हा ‘नेत्सुके’ लिहा. त्यातला उ नुसता कुजबुजल्यासारखा, जवळजवळ नेत्स्‌के.

वस्तू काय ते थोडक्यात. किमोनोला खिसा नसतो. बाई-माणूस बारीकसारीक गोष्टी बाहीत नाहीतर कमरेच्या पट्ट्यात, ओबीत, खोचायची, पण पुरुषांना तंबाखूची पिशवी, औषधाची कप्प्याकप्प्यांची डबी (तिला इन्‌रो म्हणतात) असलं काय काय बरोबर लागायचं. आपल्याकडे कनवट होती, चंची खोचली की झालं. तिथं त्यांनी पिशवीला दोरी लावली, दोरी ओबीच्या आतून वर काढली आणि वरच्या टोकाला एक अटकण बांधली म्हणजे ती खाली निसटणार नाही. ती अटकण म्हणजे नेत्सुके. दोरीवर सरकणारा मणी असतो तो ओजिमे, पिशवीचं तोंड आवळायला. बस. बटण म्हणा, गुंडी म्हणा, अटकण म्हणा, ताईत कुठून आला? आणि हस्तिदंत हा एकच माल नाही, बॉक्सवुडसारखं कठीण लाकूड, सांबराचं शिंग, रानडुकराचा सुळा, अक्रोडाची टरफलं, जे हाताला लागलं ते कोरलंय.

आता शब्द. ‘ने’ म्हणजे मूळ, झाडाचं मूळ. ‘त्सुके’ हे लावणे, जोडणे या क्रियापदावरून. जोडून ‘मूळ-लावलेलं’. बहुतेक ठिकाणी वाचाल की पहिली नेत्सुके झाडाच्या मुळांच्या तुकड्यांची असायची म्हणून हे नाव. मला हे पटत नाही. मी सांगतो का. जपानीत छपराला ‘याने’ म्हणतात, आणि लिहिताना घर अधिक मूळ अशी दोन चिन्हं लिहितात. कुंपणाला ‘काकिने’, त्यातही मूळ. डोंगराच्या धारेला ‘ओने’, त्यातही मूळ. आता छपराला कुठलं आलंय मूळ, ते तर सगळ्यात वर! तेव्हा हा ‘ने’ म्हणजे मातीतलं मूळ नसून जिथं एखादी गोष्ट घट्ट बसलेली आहे ती जागा, असं माझं मत आहे, आणि नेत्सुकेची दोन चिन्हं घेऊन जे क्रियापद होतं, ‘नेझुकु’, त्याचा अर्थच मुळी रुजणे, मूळ धरणे असा आहे. म्हणजे दोरीनं कमरेला मूळ धरलं. मराठीत आपण रोपाला, माणसाला, संशयालासुद्धा म्हणतो की मूळ धरलं. मुळांचे तुकडे कोरले म्हणून नाव पडलं ही गोष्ट ऐकायला छान आहे, पण छपराचं काय करायचं ते त्या पंडितांनी आधी सांगावं.

दुसरे एक सद्गृहस्थ आहेत, नाव घेत नाही, त्यांनी जाहीर केलंय की हा शब्द संस्कृत ‘निष्क’ वरून आला. निष्क म्हणजे गळ्यातला सोन्याचा दागिना. अहो, एक तर गळ्यात आणि एक कमरेला! आणि संस्कृतातून जपानीत गेलेले शब्द हवेत ना, घ्या की, ढिगानं आहेत, आणि नेत्सुकेंवरच बसलेत. दारुमा म्हणजे बोधिधर्म, त्यातला धर्म. राकान म्हणजे अर्हत्. एन्मा म्हणजे आपला यम. सगळे चिनी भाषेतून फिरून गेले आणि त्या वाटेच्या खुणा त्यांच्या अंगावर स्पष्ट दिसतात. नेत्सुके मात्र अस्सल देशी जपानी शब्द आहे, त्याला बळंच उगाच काशीला नेऊ नका.

प्रतीकांचं विचारलंय. इंग्रजी कॅटलॉगांनी याचा पार विचका करून ठेवलाय. बेडूक म्हणजे समृद्धी, माकड म्हणजे शहाणपण, भोपळा म्हणजे आरोग्य, असे तक्ते करतात, आणि आपण ते तसेच मराठीत आणतो. यातली अर्धी प्रतीकं नाहीतच, त्या कोट्या आहेत. श्लेष! जपानीत बेडूक म्हणजे काएरु, आणि परत येणे म्हणजेही काएरु. झालं. बेडूक जवळ ठेवा, सुखरूप घरी परत याल, पाकिटात ठेवा, गेलेला पैसा परत येईल. आपण घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, आजी ओरडते, ‘येतो’ म्हणायचं. बेडूक म्हणजे ते कोरलेलं ‘येतो’ आहे. इसे हे त्यांचं मोठं तीर्थक्षेत्र, तिथल्या यामाडा गावचा मासानाओ हा १९व्या शतकातला कारागीर लाकडी बेडकांसाठी, म्हणजे त्या खरखरीत पाठीच्या भेकांसाठी प्रसिद्ध होता, आणि यात्रेकरू ते घेऊन जायचे, आता कळलं का बेडूकच का? जवळच्या फुतामीच्या देवळात आजही बेडकांच्या मूर्तीच मूर्ती आहेत. माझ्या भाच्यानं तिकडून एक आणून दिलाय, राळेचा स्वस्तातला, पाठीला घुंगरू, माझ्या किल्ल्यांना लागलाय, आणि त्या पुडीवर नाव काय छापलंय तर नेत्सुके. म्हणजे किमोनो गेला, ओबी गेली, शब्द किल्ल्यांवर आणि मोबाईलवर येऊन बसला.

तसेच सहा भोपळे. सहाला जुना शब्द मु, भोपळ्याला ब्यो, मुब्यो, आणि मुब्योचा दुसरा अर्थ रोग नाही. पाच भोपळे कोरले तर काही उपयोग नाही! तक्त्यात नुसतं ‘भोपळा : आरोग्य’ लिहिलं की यातलं सगळं सांडलं.

माकडांचं तर आपल्या घरचंच प्रकरण आहे. गांधीजींजवळ ती तीन माकडांची छोटी मूर्ती होती, शाळेत आपण सगळे त्यांच्यावर निबंध लिहून मोठे झालो, पण माकडंच का, हा प्रश्न एकाही बाईंनी विचारला नाही. कन्फ्यूशियसच्या वचनात माकडं नाहीत, तिथं नुसतं आहे की जे रीतीला धरून नाही ते पाहू नका, ऐकू नका, बोलू नका, आणि चौथं, करू नका. जपानीत गेल्यावर झालं मिझारु, किकाझारु, इवाझारु. ‘झारु’ म्हणजे जुन्या भाषेतलं ‘नाही’. आणि सारु म्हणजे माकड, जोडशब्दात त्याचंही झारु होतं. पाहत-नाही आणि पाहणारं-माकड एकच ऐकू येतं. निक्कोच्या देवळात घोड्यांच्या पागेवर ती १७व्या शतकातली तिघं बसलीत आणि नेत्सुकेवर तर एकमेकांना बिलगून, कारण नेत्सुकेला टोकं, शेपट्या बाहेर काढून चालत नाहीत, रेशमात अडकतात. म्हणजे ज्या माकडांना आपण नीतीचे गुरुजी समजतो ती निव्वळ एका कोटीपायी तिथं आलीत!

आता खरा जीव जिथं अडकलाय ते सांगतो, उंदीर. तांदळाच्या गोणीवर उंदीर, हे नेत्सुकेंचं फार आवडतं चित्र, नागोयाचा इक्कान तर उंदरांसाठीच नावाजलेला, शेपूट पोटाखाली गुंडाळून अंगाचा गोळा केलेला. आपल्याकडचे लोक बघतात आणि लगेच म्हणतात गणपतीचं वाहन. नाही हो नाही! गणपती जपानात आहे, कांगितेन नावानं, आणि त्याची मूर्ती बहुधा दाखवतच नाहीत, ती वेगळी गोष्ट. हा उंदीर दाइकोकुचा. दाइकोकु म्हणजे तो गोबऱ्या गालांचा, गोणीवर बसलेला, हातात हातोडी घेतलेला धनधान्याचा देव. नावाची फोड करा: दाइ म्हणजे महा, कोकु म्हणजे काळा. महा-काळा. महाकाल! उज्जैनचा! संस्कृतात काल म्हणजे वेळ आणि मृत्यू, आणि काळा रंगही, चिनी भाषांतरकारांनी त्यातला रंग उचलला. इत्सिंग नावाचा चिनी भिक्षू ७व्या शतकात आपल्याकडे येऊन गेला, त्यानं लिहून ठेवलंय की विहारांच्या स्वयंपाकघरात हातात सोन्याची थैली घेतलेली एक लाकडी मूर्ती असते, तेलानं पुसून पुसून काळी झालेली, तिला महाकाल म्हणतात. म्हणजे संहाराचा देव स्वयंपाकघरात आधी इथंच शिरला होता. मग जपानात त्याच उच्चाराचा दुसरा ‘दाइकोकु’ भेटला, मोठा देश या अर्थाचा, आणि त्या चिन्हांनी ज्याचं नाव लिहितात त्या ओकुनिनुशी या देशी देवात आणि यात सरमिसळ झाली. या ओकुनिनुशीला एकदा वणव्यात सापडला असताना उंदरानं बीळ दाखवून वाचवलं होतं. हा तो उंदीर, असं मी धरून चाललोय, गोदामात उंदीर असतातच म्हणून तो आला असंही सांगणारे आहेत, त्यांना खुशाल सांगू दे. एका कोटीवर दुसरी कोटी, आणि उज्जैनहून निघालेला महाकाल एका बोटभर लाकडात गोणी आणि उंदीर घेऊन हसत बसलाय. मला हे कळलं त्या रात्री मी झोपलो नाही, खरंच.

असो. अनुवादात काय करायचं ते विचारलं होतंत. ‘प्रतीक’ शब्द जमेल तिथं गाळा आणि कोटी फोडून सांगा, तळटीप लागली तर लागू दे. पहिल्यांदा येईल तिथं ‘नेत्सुके, म्हणजे कमरेची कोरीव अटकण’ एवढं पुरे. खरं नेत्सुके हातात आलं तर आधी उलटं करून बघा, पोटाला बहुधा दोरीची दोन भोकं असतात आणि पुष्कळदा एक जरा मोठं, गाठ आत लपायला. भोकं नसतील आणि कोरीवकामातही दोरी ओवायला कुठं जागा नसेल तर ती नुसती बाहुली आहे, लेखात घेऊ नका.

आणि लिंग राहिलंच. नपुंसक, ते नेत्सुके. एक नेत्सुके, दहा नेत्सुके, अनेकवचन बदलत नाही. परवा एकानं ‘हा नेत्सुका फार जुना आहे’ असं म्हटलं, एक आंबा दोन आंबे तसा एक नेत्सुका दोन नेत्सुके. तेवढं कृपा करून करू नका.