समुपदेशक थकला की आधी काय बदलावं?

प्रश्न : मी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात समुपदेशक आहे. ओपीडी, ग्रामीण रुग्णालयातले कॅम्प, आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांच्या गृहभेटी सुरूच असतात. रात्रीही फोन येतात. हल्ली समोरचा रडत असला तरी मनात काही हलत नाही. तणावमुक्तीचं शिबिर केलं, आठवडाभरात पुन्हा तेच. काय करावं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : मन बधिर होणं हा तुमचा दोष मुळीच नाही. थकवा, कामाविषयी दुरावा आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना यांना जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउट म्हटलंय, आणि त्याचं मूळ कामाच्या ठिकाणच्या न आवरलेल्या ताणात सांगितलंय. शिबिरानंतर तुम्ही त्याच वेळापत्रकात परतलात, मग फरक टिकणार कसा?

दुखवट्याच्या घरच्या भेटी दिवसाला दोनच ठेवा, मध्ये एखादी साधी फॉलोअपची केस घ्या. गाडीत बसण्याआधी दहा मिनिटांत नोंद लिहून टाका. रात्रीवर ढकलली की तीच हकिकत घरी पुन्हा भोगावी लागते. पावसानं ओढ दिली किंवा काढणीला आलेलं सोयाबीन भिजलं की गृहभेटी वाढणार हे धरून, त्या दिवसांत प्रशिक्षणं लावू नयेत असं वरिष्ठांना आधीच लेखी कळवा.

स्वतःचा नंबर देणं थांबवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, चोवीस तास चालतो. तो कार्डावर लिहून द्या आणि पहिला फोन तुमच्यासमोरच लावून घ्या, नाहीतर ऐन रात्री माणूस तुमचाच नंबर शोधतो.

सगळ्यात जास्त भर सुपरव्हिजनवर, म्हणजे आपल्या केसेसबद्दल तज्ज्ञांशी मोकळेपणी बोलण्यावर द्या. आठवड्यातून एक तास, मनोविकारतज्ज्ञांसोबत, प्रत्येकानं एकच अडलेली केस मांडायची. गाडं अडतं ते इथेच: महिन्याभरात त्या तासात रजिस्टर आणि उद्दिष्टं शिरतात, आढावा बैठक होते, आणि मनातलं कुणी बोलत नाही. म्हणून आकड्यांची बैठक वेगळ्या दिवशी घ्या. एखाद्या पेशंटनं आत्महत्या केली तर दोन-तीन दिवसांत एकत्र बसा. ‘तुमच्या लक्षात कसं आलं नाही?’ हा प्रश्न तिथे कुणी विचारू नये, आणि त्या आठवड्यात त्या समुपदेशकाला नवी जोखमीची केस देऊ नये.

दोन आठवडे रजेवरही उदास वाटलं, झोप-भूक बिघडली, तर ते नैराश्य असू शकतं. जगू नये असं वाटलं तर मात्र त्याच दिवशी तज्ज्ञ गाठा. आपल्याच विभागात संकोच वाटत असेल तर नांदेड किंवा जालन्याला दाखवा.